वारली शिकवायची तर तारपा नाचाची झेरॉक्स आधी बाजूला ठेवा

प्राथमिक शाळेत ‘वारलीचा तास’ म्हटलं की ठरलेलं असतं. तारपा नाचाची, म्हणजे तारपा हे फुंकायचं वाद्य वाजवणाऱ्याभोवती गोलाकार नाचणाऱ्यांच्या चित्राची झेरॉक्स, तपकिरी पोस्टर कलर, पांढरं जेल पेन. तिसरीच्या वर्गातली चाळीस चित्रं शेजारी शेजारी लावली तर कुठलं कुणाचं हे मुलांनाही सांगता येत नाही. याचं वाईट वाटतं, कारण हलतं माणूस काढायला शिकवणारी इतकी सोपी पद्धत लहान मुलांसाठी दुसरी नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड तयार. वरचा त्रिकोण कलला की माणूस वाकला, दोन्ही कलले की धावायला लागला. शिकवायचं ते हे. नक्षीची नक्कल करून काही हाती लागत नाही.

म्हणून पहिल्या तासाला रंग काढूच नका. प्रत्येकाला जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण द्या, बाजू साधारण चार सेंटिमीटर. डोक्यासाठी एक लहान गोल आणि हातापायांसाठी खराट्याच्या काडीचे आठ तुकडे. आठ कशाला, तर कोपर आणि गुडघा दुमडता यायला हवेत. मग एका मुलाला पुढे बोलवून एका हातात पाण्याने भरलेली बादली धरायला सांगा. रिकामी बादली चालत नाही, अंग कलतच नाही. भरलेली बादली उजव्या हातात घेतली की धड डावीकडे झुकतं आणि मोकळा हात बाहेर जातो. बाकीच्यांनी हे बघून आपापल्या बाकावर त्रिकोण मांडायचे. निम्मी मुलं धड सरळ उभंच ठेवतात. त्यांना सांगत बसू नका, त्यांच्याच हातात बादली द्या. मांडणी जमली की तीच पाटीवर खडूने काढायची.

इथे तीन चुका हमखास दिसतात. हात कमरेतून निघतात, ते वरच्या त्रिकोणाच्या दोन कोपऱ्यांतून निघायला हवेत. मान राहून जाते आणि डोकं खांद्यावर बसतं. आणि डोकं इतकं मोठं होतं की त्यात डोळे-तोंड काढायचा मोह होतो. डोकं वाटाण्याएवढं ठेवायला सांगितलं की तो प्रश्न मिटतो.

आता जमीन, म्हणजे चित्राची पार्श्वभूमी. तीस मुलांच्या ए-फोर आकाराला एक हात द्यायला पाव किलो गेरू पुरतो. तो चाळून घ्या, नाहीतर खडे कागद ओरखडतात. त्यात चार मोठे चमचे फेविकॉल आणि घट्ट ताकाइतकं होईल एवढं पाणी. कागदाऐवजी खोक्यांचा पुठ्ठा घेतला तर उत्तम. पातळ कागद एका बाजूने ओला झाला की वळतो, आणि उन्हात ठेवला तर जास्तच. सावलीत वाळवून रात्रभर दप्तरांखाली दाबून ठेवा. वाळल्यावर बोट फिरवून बघा. बोटाला गेरू लागला तर फेविकॉल कमी पडलं, मग वरचा पांढरा रंग गुलाबी होणार. चकाकी आली तर जास्त झालं, त्यावर तांदळाचा पांढरा रंग धरत नाही, थेंब होऊन बसतो. हे काम चित्राच्या आदल्या दिवशीच उरका. पस्तीस मिनिटांच्या तासात जमीनही आणि चित्रही, असं कधीच होत नाही.

पांढऱ्यासाठी अर्धी वाटी तांदूळ रात्रभर भिजवून मिक्सरमध्ये अगदी गंधासारखा वाटा, पातळ फडक्यातून गाळा, चमचाभर डिंकाचं पाणी घाला. उरलेलं दुसऱ्या दिवशी आंबतं, त्यामुळे त्याच सकाळी करायचं. एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा: हा रंग ओला असताना जवळजवळ दिसत नाही, वाळला की पांढरा होतो. हे माहीत नसलं की मुलं त्याच रेघेवरून चारदा हात फिरवतात, गेरू उकलतो आणि चिखल होतो. एकदा रेघ ओढायची आणि पुढे सरकायचं. बांबूची काडी टोकाला ठेचून घ्या, दातकोरणीही चालते. उजव्या हाताच्या मुलाने वर डावीकडून सुरुवात करावी, डावखुऱ्याने वर उजवीकडून, म्हणजे हाताने पुसलं जात नाही.

हे सगळं करताना ही चित्रं कुणाची हे मुलांना कळलंच पाहिजे. पालघर, डहाणू, जव्हारकडच्या वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहिला जातो, मधे पालघाट देवी असते, आणि हे काम परंपरेने सवाशिणींचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद आणि रंग नेले. मग डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर पोचवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. माझं ठाम मत आहे की देवीचा चौक वर्गात सजावट म्हणून काढायला देऊ नये. तो विधीचा भाग आहे.

विषय मुलांच्याच आजूबाजूचे द्या. पोषण आहाराची रांग, टँकरभोवतीची गर्दी, भाताची लावणी, एस.टी.ची वाट बघणारी माणसं. ‘वारलीत एस.टी. कशी?’ असं काही पालक विचारतात. वारली चित्रकार स्वतः आगगाड्या नि विमानं काढत आलेत, मग मुलांना का अडवायचं? मात्र प्रदर्शनात पाटी लावताना ‘वारली पद्धतीने केलेली चित्रं’ असं लिहा.

तारपा नाच घ्यायचाच असेल तर शेवटी, आणि सगळ्यांनी मिळून. चार फुटी खाकी कागद जमिनीवर पसरा, चारही बाजूंनी मुलं बसवा. प्रत्येकाने आपल्या समोरचे दोन-तीन नाचणारे काढले की गोल आपोआप फिरता दिसतो. एकट्याने कागद न फिरवता काढलं तर सगळी माणसं एकाच दिशेला उभी राहतात आणि नाच पडतो.

गुण द्यायचे झाले तर चित्र शेजारच्या वर्गात न्या आणि विचारा, हा माणूस काय करतोय? ओळखलं तर पूर्ण गुण. रेघ थरथरली म्हणून एकही कापू नका.