'मुलांना हिंदी कळतंच की!'

२०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन प्रश्न डॉ. नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे गेला. त्या गदारोळात एक वाक्य दोन्ही बाजूंच्या तोंडी होतं: 'आपल्या मुलांना हिंदी येतंच की.' एकाचं म्हणणं, मग शाळेत सक्ती कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, मग शिकली तर बिघडलं कुठे? हेच वाक्य गेली कित्येक वर्षं वापरणारा तिसरा गडी मात्र या चर्चेत कुठेच दिसला नाही. तो म्हणजे मुलांचे सिनेमे आपल्याकडे आणणारा वितरक. २०१९ साली 'फ्रोझन २' भारतात आला तो इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, तेलुगू ८ कोटी ११ लाख, तमिळ ६ कोटी ९० लाख. म्हणजे मराठी मागे पडली ती डोकी कमी भरली म्हणून नव्हे. 'यांना हिंदी कळतंच' म्हणून.

कोपनहेगनमध्ये राहून हे वाक्य ऐकलं की १९८९ची ती जलपरी आठवल्याशिवाय राहत नाही. हान्स क्रिस्टियन अँडरसनने १८३७ साली डॅनिशमध्ये लिहिलेली गोष्ट. तीत जलपरीची जीभ कापतात, प्रत्येक पावलागणिक सुऱ्या टोचतात आणि शेवटी तिचा फेस होतो. दीडशे वर्षांनी डिस्नेने ती उचलली, शेवट गोड केला, कॅरिबियन ढंगाचं इंग्रजी बोलणारा खेकडा घातला आणि ॲलन मेंकनचं संगीत व हॉवर्ड ॲशमनची गाणी देऊन 'द लिटल मरमेड' परत पाठवली. डेन्मार्कने ती डॅनिशमध्ये करून घेतली. स्वीडनने स्वीडिशमध्ये, नॉर्वेने नॉर्वेजियनमध्ये. आणि या तिन्ही भाषांत एरियलची, म्हणजे त्या जलपरीची, गाणी गायली एकाच मुलीने, सिसेल या विशीतल्या नॉर्वेजियन गायिकेने.

डॅनिश आणि नॉर्वेजियन या भाषा मराठी-हिंदीपेक्षा कितीतरी जवळच्या आहेत. नॉर्वेतल्या बहुसंख्यांची लेखी भाषा डॅनिशमधूनच निघाली. ओस्लोचा माणूस कोपनहेगनचं वर्तमानपत्र चहा पिता पिता वाचून काढतो. गायिका एकच, चाल एकच, शेजार असा. तरीही 'नॉर्वेच्या पोरांना डॅनिश कळतंच की' असं म्हणून कोणी एकच ध्वनिपट तिघांच्या गळ्यात मारला नाही. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाख, म्हणजे पुणे महानगराएवढीही नाही. इथे मोठ्यांचे परदेशी सिनेमे मूळ भाषेत, खाली अक्षरं टाकून दाखवतात. लहानांचा सिनेमा मात्र डॅनिशच बोलतो, कारण पाच वर्षांच्या मुलाला अक्षरं वाचता येत नाहीत. २०१४पासून इथल्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी त्या डॅनिश ध्वनिपटाला कोणी हात लावला नाही.

आइसलँड तर आणखी पुढचं. पावणेचार लाख लोक. २०२१च्या सुरुवातीला त्यांच्या सांस्कृतिक मंत्री लिल्या अल्फ्रेड्सडॉटिर यांनी डिस्नेच्या प्रमुखांना पत्रच लिहिलं की आइसलँडिकमध्ये केलेले जुने ध्वनिपट तुमच्याकडे तयार आहेत, ते घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या तुमच्या नव्या 'डिस्ने प्लस' सेवेवर का दिसत नाहीत? ते दिसू लागले. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेतल्या सामी या मूळ रहिवाशांनी 'फ्रोझन २' आपल्या उत्तर सामी भाषेत मिळवला, न्यूझीलंडमध्ये 'मोआना' माओरीत आला.

आपल्याकडे यावर दुसरा आक्षेप असतो: डबिंगला दार उघडलं की अस्सल मराठी सिनेमा मेला. मोठ्यांच्या सिनेमाबाबत ही भीती अगदीच पोकळ नाही. पण मुलांचा मराठी सिनेमा आज आहे कुठे, की तो मरेल? डेन्मार्कच्या चित्रपट कायद्यात अनुदानाचा किमान पाव हिस्सा मुलांच्या आणि कुमारांच्या सिनेमासाठी राखलेला आहे. डबिंग चालू, मूळ निर्मितीही चालू. दोन्हींचा प्रेक्षक एकच, आणि डॅनिशमध्ये सिनेमा बघायची त्याची सवय दोन्हींना पोसते.

'संगीतिका हा आपला प्रकारच नाही' असंही कोणी म्हणतं, तेव्हा मात्र हसू येतं. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८०चं, 'सौभद्र' १८८२चं. त्यांतली साकी, दिंडी, कामदा या वृत्तांतली पदं पात्रांनी एकमेकांशी बोलायची होती. संवाद चालता चालता गाण्यात सरकायचा. ॲशमन-मेंकन यांनी हेच केलं. पुढे आपली पदं तासभर रंगू लागली, तो भाग वेगळा.

आता मुख्य काम. 'द लिटल मरमेड'चं मराठी करायचं झालं तर काय लागतं?

स्टुडिओकडून चित्र येतं, संवादांची टिपणांसह यादी येते आणि संगीत व बाकीचे आवाज असलेला, पण बोलणं काढून टाकलेला ध्वनिपट येतो. या ध्वनिपटाला हात लावता येत नाही. चाल, ठेका, स्वर, लांबी सगळं ठरलेलं. आधी शब्दशः भाषांतर करायचं, फक्त अर्थ हातात यावा म्हणून. ते बाजूला ठेवून चित्र संथ चालवायचं आणि प्रत्येक ओळीवर तीन खुणा करायच्या: ओठ कुठे मिटतात, तोंड कुठे मोठं उघडतं, पात्र पाठमोरं कुठे आहे. ओठ मिटले की तिथे प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी हवं. पात्र पाठमोरं असेल ती जागा फुकटची, राहिलेली अक्षरं तिथे कोंबायची. सेकंदाला २४ फ्रेम. दोन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तर कोणाला कळत नाही, पाच-सहा झाल्या की बाहुली बोलतेय आणि कोणीतरी मागून वाचतंय असं वाटायला लागतं.

एरियलचं 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड' घ्या. ती माणसांच्या वस्तूंची गुहा दाखवते आणि मधेच शब्द विसरते, आठवते, मग एका स्वरावर तो शब्द टाकते. पहिला शब्द 'फीट', एकाक्षरी, म्हणजे एका झटक्यात उच्चारून संपणारा. मराठीत 'पाय'. एक अक्षर, आत मोठा 'आ', सुरुवातीला मिटलेले ओठ. 'फ'साठी काढलेल्या तोंडावर 'प' सहज खपतो. पुढे 'स्ट्रीट'. 'रस्ता' दोन अक्षरी, सूर फोडावा लागतो. 'वाट' चपखल बसतो, शेवटचा 'ट'सुद्धा जागेवर. वाट म्हणजे पायवाट, शहरातला रस्ता नव्हे, हे खरं. पण जिने दोन्ही पाहिलेले नाहीत तिच्या तोंडी ते शोभतं. नंतर आग का 'जळते'. इंग्रजी ओळीतही तिथे क्रियापद शेवटी आहे, त्यामुळे मराठी वाक्य आपल्या चालीने चालत येतं आणि योग्य जागी थांबतं. अशी जागा फार क्वचित मिळते.

अडचण येते शेवटच्या लांब सुरावर, 'वर्ल्ड'वर. 'जग' म्हणा आणि फसा. बोलताना तो शब्द 'जग्' असा मिटतो, ताणायला हातात फक्त आखूड 'अ' उरतो. शेवटचा 'ग' पूर्ण उच्चारून 'जगऽ' केलं तर भावगीत होतं. अभंगात, ओवीत आपला कान हा 'अ' आनंदाने घेतो, पण सोळा वर्षांची मुलगी स्वतःशी बोलत असताना तो खोटा वाटतो. 'जगात'मध्ये 'आ' मिळतो. 'तिथे' त्याहून साधा, उघड्या स्वराने संपणारा, रोजच्या बोलण्यातला. मी 'तिथे' घेईन. मराठी क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात आणि बहुतेक आ, ई, ए अशा स्वरांवर संपतात, हे गाणाऱ्याला मिळालेलं घबाड आहे. ओळ 'जग', 'मन', 'घर' अशा शब्दांवर संपवून ते घालवू नये.

गुहेतल्या वस्तूंसाठी आपल्याकडे 'किडूकमिडूक' आणि 'सटरफटर' हे तयार शब्द आहेत. जेवणाच्या काट्याला मात्र तिच्या ओळखीच्या सीगल पक्ष्याने भलतंच नाव दिलेलं असतं, आणि एरियल पुढे राजवाड्यात त्या काट्याने केस विंचरते. तिथे नवा शब्द पाडावाच लागेल. 'झिपरकाटा' कसा वाटतो?

या गाण्यासाठी एक सांगायला हवं. 'पोरीने पोरासाठी आवाज विकला' ही टीका आज हा सिनेमा पुन्हा बघणारे सगळेच करतात. पण हे गाणं येतं तेव्हा तिने राजपुत्र पाहिलेलाही नसतो. तिला पाय हवेत, वाट हवी, प्रश्न विचारायला माणसं हवीत. मराठी गीतकाराने इथे प्रेमाचा एक शब्दही घुसवला तर सगळा सिनेमा खाली बसेल, आणि घुसवायचा मोह होतो, कारण यमकं त्याच वाटेवर पडलेली असतात.

'अंडर द सी'चं दुखणं वेगळं. तिथे डझनभर मासे डझनभर वाद्यं वाजवतात आणि इंग्रजीत माशाचं नाव वाद्याशी जुळतं. चित्रातलं वाद्य बदलता येत नाही. माशाबाबत थोडी सूट घेता येते. वाद्य चुकलं तर पोर ओरडेल, मासा चुकला तर फक्त कोळीण ओरडेल. तंतुवाद्याच्या शॉटला 'सरंगा वाजवी सारंगी' आयतं पडलेलं आहे. चपट्या माशाला 'लेप', फुगणाऱ्याला 'केंड', आणि खरोखर पाकट दिसतं तिथे 'पाकट'. किनाऱ्यावरच्या भाषेत हे सगळं आहे. शहरी मराठीत 'मासा' आणि फार तर 'पापलेट'.

म्हणून सेबॅस्टियन खेकडा मालवणी बोलावा, असं सरळ वाटतं. इथे दुसरा वाद उभा राहतो आणि तो खरा आहे. 'वस्त्रहरण'ने मालवणीला रंगभूमीवर नेलं, पण नंतर मालवणी म्हणजे हशा असं समीकरण होऊन बसलं. बोली गड्याला, प्रमाण मराठी मालकाला. अरबीत उलटी फजिती झाली. तिथे डिस्नेचे सिनेमे वर्षानुवर्षं इजिप्तच्या बोलीत यायचे, २०१३चा 'फ्रोझन' प्रमाण अरबीत आला, आणि बर्फात नाचणारी राणी व्याकरणाच्या पुस्तकासारखी बोलू लागली म्हणून लोक वैतागले. माझं मत असं की खेकड्याला मालवणी द्यावी, कारण तो गडी नाही, दरबारचा संगीतकार आहे. आणि त्याच्या मालवणीवर इतर पात्रांनी एकदाही हसू नये. मूळातही कोणी हसत नाही.

समुद्रातल्या चेटकिणीसाठी तर शोधायलाच नको. उर्सुलाचं रूप बेतलं होतं ते डिव्हाइन या स्त्रीवेशात काम करणाऱ्या अमेरिकन नटावर. आपल्याकडे मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८च्या नव्या प्रयोगात वैभव मांगलेंनी, आणि पोरांनी नाट्यगृहं भरली. लुगडं नेसलेल्या पुरुषाचा तो लडिवाळ, घोगरा, मधेच किंचाळणारा आवाज उर्सुलाच्या सौद्याच्या गाण्याला लागतो तसाच आहे.

ध्वनिमुद्रण करताना बोलणारा आणि गाणारा गळा वेगळा असू शकतो, पण दोघांचा श्वास जुळला पाहिजे. बोलणं संपून सूर लागतो तिथे सांधा ऐकू आला की जादू गेली. समूहगान चार-सहा जणांकडून प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन थर लावून करतात. शेवटच्या मिश्रणात नेहमी होणारी चूक म्हणजे आवाज कोरडा आणि वर ठेवणं. शब्द कळतात, पण पात्र पाण्यात नसून खोलीत बसलेलं वाटतं.

डेन्मार्कचं कौतुक इथवरच. इथल्या नगरपालिका मातृभाषेचे वर्ग चालवतात ते युरोपीय संघ आणि त्याच्याशी करार असलेल्या देशांतल्या, तसंच फेरो आणि ग्रीनलंडच्या मुलांसाठी. बाकीच्यांसाठी हे बंधन २००२ साली काढून टाकलं. मराठी मुलाला इथे सरकारकडून 'क'सुद्धा मिळत नाही. स्वतःच्या भाषेसाठी दक्ष असलेला देश दुसऱ्याच्या भाषेसाठी दक्ष असतोच असं नाही. त्यामुळे इथल्या मराठी घरात शनिवारी सकाळी डिस्नेच्या सेवेवर भाषांची यादी उघडते तेव्हा तिच्यात काय आहे याला फार महत्त्व असतं. डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, फिनिश, आणि आता आइसलँडिक.

उद्या कोणी मराठी ध्वनिपट करायला घेतलाच, तर संहिता हातात आल्यावर आधी एक गोष्ट तपासावी. वेळ आणि पैसा वाचवायला ती इंग्रजीवरून न करता हिंदीवरून केलेली असू शकते. जहाज बुडत असताना कोणी 'माझी मदत करा' असं ओरडत असेल, तर तिथेच थांबून पुन्हा पहिल्या पानापासून, मूळावरून.