एकाच कारखान्यातला माल एकसारखाच असतो? : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चार्जरच्या किमतींबद्दल मी जे लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं : "लॅमिंग्टन रोडवर दीडशेला मिळणारा चार्जर आणि शोरूममधला पंधराशेचा, दोन्ही चीनमधल्या एकाच कारखान्यात बनतात. क्वालिटी कंट्रोल हे जास्त पैसे उकळायचं निमित्त आहे. आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का असताना वेगळी तपासणी हवीच कशाला?"

पंधराशेतला बराच भाग जाहिरात, दुकानाचं भाडं आणि नफा यांत जातो, याबद्दल आपल्यात वाद नाही. पण कारखाना एक म्हणून माल एक, हे मला अजिबात मान्य नाही. हा समज लोकांच्या घरातल्या प्लगपर्यंत जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

कारखाना माल बनवतो तो ऑर्डर देणाऱ्याच्या अटींवर. पाच हजार चार्जरांचा लॉट तयार झाला की आयएसओ २८५९-१ या मानकाच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे त्यातले २०० नग तपासायला काढतात. पुढचं ठरतं ते खरेदीदाराने 'एक्यूएल' किती लिहून दिलाय, म्हणजे किती दोष चालवून घ्यायचे, त्यावर. २.५ लिहिला असेल तर २०० मध्ये १० सदोष निघाले तरी लॉट पास. अकरावा निघाला की अडला. ०.६५ लिहिला असेल तर तीनपर्यंत चालतात, चौथ्याला लॉट अडतो. लाइन तीच, कामगार तेच. अडलेल्या लॉटचा एकेक नग पुन्हा तपासायचा, खराब बाजूला काढायचे, ही मजुरी आणि नुकसान शेवटी किमतीतच येतं.

जिवाशी गाठ असलेला भाग मात्र नमुन्यावर सोडून चालत नाही. चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या हातातल्या फोनकडे जाणारी ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये फक्त इन्सुलेशन असतं. चांगल्या कारखान्यात प्रत्येक नगाची हायपॉट टेस्ट होते : या दोन बाजूंमध्ये साधारण ३००० व्होल्टचा दाब देऊन वीज पलीकडे झिरपते का ते बघतात. याला काही सेकंद पुरतात. वेळ खाणारं काम म्हणजे बर्न-इन. चार्जर रॅकवर लावून पूर्ण लोडवर तासन्‌तास चालवायचे, कारण कच्चं सोल्डरिंग किंवा हलका कपॅसिटर बहुधा सुरुवातीलाच दगा देतो. रॅकची जागा, वीज, लक्ष ठेवणारा माणूस आणि तेवढा वेळ अडकून पडलेला माल, सगळ्याला पैसे लागतात. भाव पाडायचा असेल तर आधी हेच कापलं जातं. कापलं तरी चार्जर दिसतो तसाच, फोनही चार्ज होतो.

महाग वस्तू म्हणजे निर्धोक, असं मी म्हणत नाही. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ आठवा. सप्टेंबर २०१६ मध्ये सुमारे २५ लाख फोन परत बोलावले, बदलून दिलेलेही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद झालं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं सांगितली : एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातला इलेक्ट्रोड वाकलेला, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे, आणि काही बॅटऱ्यांत इन्सुलेशनची टेपच नाही. एवढ्याशा टेपने एक अख्खं मॉडेल बुडवायला हातभार लावला! त्यानंतर त्यांनी एक्स-रेसकट आठ टप्प्यांची बॅटरी तपासणी लावली.

तपासणीने वस्तू स्वस्तही होतात. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एएमडीने २००८ मध्ये तीन कोअरचे (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) फेनॉम प्रोसेसर काढले, ते मुळात चार कोअरच्या चिपवरच बेतलेले होते. एक कोअर सदोष निघालेली चिप फेकून न देता तो कोअर बंद करून कमी किमतीत विकता आली.

आता बीआयएसचा मुद्दा. २०१२ च्या आदेशापासून अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना नोंदणी सक्तीची झाली, आणि ते योग्यच झालं. पण त्यासाठी प्रयोगशाळेत तपासला जातो तो नमुना. पुढे रोज बाहेर पडणारा प्रत्येक लॉट नमुन्याबरहुकूम ठेवण्याची जबाबदारी कारखान्याचीच, आणि तिथेच दीडशेवाल्याचा हात आखडतो. शिवाय कितीतरी स्वस्त चार्जरांवर नोंदणीचा आकडाच नसतो, किंवा असला तरी तो दुसऱ्याच वस्तूचा असतो. खरेदी करताना चार्जरवरचा 'आर' ने सुरू होणारा नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा. सापडला नाही किंवा तिथे भलतीच वस्तू दिसली तर तो घेऊ नका, किंमत काहीही असो.