दोन स्टार आणि डावी बाजू: देवगडच्या बोटमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब. आमच्या मासेमारीच्या ट्रिपचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एवढ्या लांबून फॅमिलीला घेऊन आलात आणि नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून सॉरी. चहा गार होता म्हणालात, थर्मासचं बघतो.

पण तुम्ही जे लिहिलंय ना, की मालक ओळखीच्यांना उजव्या बाजूला बसवतो आणि बाहेरच्यांना डावीकडे ढकलतो, उजवीकडे सात सुरमया आणि आमच्याकडे एकच, कॅनडात सामनसाठी (सॅल्मन मासा) कितीतरी वेळा ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे दोऱ्या ओढत मासे धरणं) केलं पण असला प्रकार कुठे बघितला नाही, अर्धे पैसे परत द्यायला हवे होते, ते वाचून रात्री जेवण गेलं नाही. सीझन आत्ता कुठे सुरू झालाय, लोक रेटिंग बघूनच फोन करतात, आणि पावसाळ्यात बोट शाकारून ठेवली तरी बँकेचा हप्ता काय शाकारत नाही.

पहिलं म्हणजे उजवीकडची माणसं माझ्या ओळखीची नव्हती. कोल्हापूरची होती, पहिल्यांदाच आलेली. ती सांगितलेल्या वेळेच्या आधी जेटीवर आली आणि बसली उजवीकडे, तुम्ही आलात तेव्हा पूर्ण उजाडलं होतं, डावी बाजू मोकळी होती. तांडेल (बोट चालवणारा) त्यांच्याशी हसून बोलत होता कारण त्यांनी घरून आणलेली भाकरी-चटणी त्याला दिली. एवढीच काय ती ओळख.

आता मुख्य मुद्दा. एका बाजूला जास्त मासे लागणं ह्यात आमची काही लबाडी नाही हो, हे ट्रोलिंगमध्ये सगळ्या जगात होतं आणि सामनवाल्यांमध्ये तर हा विषय आपल्याकडच्या आंब्याच्या भावासारखा कायम चालू असतो. माझा मावसभाऊ व्हँकुव्हरला असतो, तो सांगतो तिकडे समुद्रात सामन धरणारे स्टीलच्या वायरला जड शिशाचा गोळा लावून लूर (खोटं आमिष) खोल सोडतात, आणि एका बाजूच्या वायरला मासे आणि दुसरी बाजू कोरडी असं झालं की मल्टीमीटर काढून बसतात. कारण खाऱ्या पाण्यात स्टीलची वायर, अ‍ॅल्युमिनियमची बोट, इंजिनाचं झिंक (गंज थांबवायला लावलेला जस्ताचा तुकडा) हे सगळं मिळून बारीकसा करंट तयार होतो, दोन्ही बाजूंना तो सारखा असेलच असं नाही, आणि सामनला तो जाणवतो असं तिकडचे जुने लोक मानतात, साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास वायर ठेवायला बघतात. आमची बोट फायबरची, दोरी नायलॉनची, त्यामुळे करंटचा बहाणा मी सांगणार नाही. पण तुम्ही म्हणालात ते लेक ओंटारिओ, गोडं पाणी, तिथे भरती-ओहोटी म्हणावी अशी नाहीच. इथे साधारण सहा-सहा तासांनी पाण्याची ओढ फिरते. सगळा खेळ तिथेच आहे.

त्या दिवशी आपण कुणकेश्वरच्या बाजूला दक्षिणेकडे जात होतो, म्हणजे किनारा डावीकडे. तिथे पाण्याखाली एक खडप, म्हणजे खडक आहे (नक्की जागा इथे लिहीत नाही, उद्या दहा बोटी उभ्या राहतील). ओहोटी चालू होती, पाणी खडपावरून बाहेर समुद्राकडे ओढत होतं. अशा वेळी तारली-पेडवे, म्हणजे सुरमईचं खाणं असलेले छोटे मासे, खडपाच्या आडोशाला बाहेरच्या अंगाला जमतात आणि सुरमई त्याच्या पुढे, जिथून खोल सुरू होतं तिथे, फेऱ्या मारते. आपण खडप डाव्या हाताला ठेवून फिरत होतो, म्हणजे तुमच्या दोऱ्या खडपाच्या अंगाला आणि उजवीकडच्या बरोब्बर खोलाच्या कडेवर. तुमच्या दोऱ्या मी आखूडही ठेवल्या होत्या, नाहीतर लूर दगडात अडकून गेले असते, तेव्हा मग लूरचे पैसे कोण देणार ह्यावर वेगळा रिव्ह्यू आला असता.

आणि वळण. बोट डावीकडे वळली की आतल्या बाजूच्या म्हणजे डावीकडच्या लूरचा वेग पडतो, बाहेरच्या लूरला जास्त अंतर कापायचं असतं म्हणून तो जोरात पळतो आणि चांगला थरथरतो. सुरमईला पळणारी वस्तू आवडते. सामनवाले साधारण अडीच-तीन मैलांच्या वेगाने जातात, आम्ही त्याच्या दुपटीने, त्यामुळे वळणातला फरक पण मोठा पडतो. त्यात एकच इंजिन, पंखा एकाच दिशेने फिरतो, मागचा फेस दोन्हीकडे सारखा नसतो. आमच्याकडच्या जुन्या उलांडीच्या होड्या बघा, त्यांना एकाच बाजूला उलांडी (तोल सांभाळणारं आडवं लाकूड) असते, दोन्ही बाजू सारख्या असतात असं इथल्या कुठल्या मच्छीमाराने कधी धरलंच नाही.

तुम्ही विचाराल मग उलट का नाही फिरवली. फिरवली साहेब! उत्तरेकडे येताना खडप उजवीकडे आलं आणि तुमची डावी बाजू खोलावर. आणि नेमकं त्याच फेरीला तुम्ही आमचे लूर काढून तुमच्या बॅगेतले सामनचे स्पून लावलेत. तांडेल नको म्हणाला होता. ते पातळ पत्र्याचे स्पून हळू चालीत डुलण्यासाठी केलेले असतात, आमच्या वेगाला ते नुसते गरगर फिरतात आणि दोरीला पीळ पडतो, तो सोडवण्यात अर्धी फेरी गेली. शिवाय तुमच्या स्पूनच्या पुढे स्टीलच्या वायरचा तुकडा नाही, नुसतं तंगूस (नायलॉनची बारीक दोरी). सुरमईचे दात कात्रीसारखे. दोनदा जोरात ओढ लागली आणि दोरी हलकी झाली ती "तुमच्या जुन्या रॉडमुळे" नव्हे, दोन्ही वेळेला तंगूस साफ कापलेलं होतं, तांडेलाने तुम्हाला टोक दाखवलं पण.

दर थोड्या वेळाने गुंडाळून बघायचं, परत सोडायचं, फोटो काढायचा. लूर बोटीत असताना मासा कसा लागणार? सनस्क्रीन लावलेल्या हातांनी लूर धरलात, त्याच्या वासाबद्दल मी काही बोललो नाही. सामनला तर माणसाच्या कातडीतल्या सेरीन नावाच्या द्रव्याचा वासही नकोसा होतो हे कॅनडातल्याच शास्त्रज्ञांनी १९५६ साली लिहून ठेवलंय. सुरमई नजरेने शिकार करते म्हणून ते सोडून देतो.

बरं, तुमच्या बाजूला जी एक लागली ती कधी लागली ते आठवा. शेवटी, परत दक्षिणेकडे जाताना, भरती लागल्यावर. ओढ फिरली, तारली सरकून किनाऱ्याच्या अंगाला आली, तुमच्या दोऱ्यांखाली. मी तांडेलाला म्हटलं पण, आता ह्यांची बाजू चालणार. तेवढ्यात छोट्याला उलट्या व्हायला लागल्या आणि तुम्ही म्हणालात परत चला. लहान मुलाचा विषय, बोट लगेच वळवली, एक शब्द बोललो नाही. पण मग रिव्ह्यूमध्ये "ट्रिप लवकर संपवली" असं यायला नको होतं.

अर्धे पैसे परत देणं मला परवडणार नाही. पेट्रोल दोन्ही बाजूंना सारखंच जळतं. आणि जेटीवर उतरताना कोल्हापूरवाल्यांना विचारून त्यांच्यातली एक मोठी सुरमई वहिनींच्या डब्यात बर्फ घालून दिली होती, ती काही रिव्ह्यूत आली नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी, आता मध्येच बाजू बदलून बसवायचं असं काहीतरी ठरवतोय, जमेल तसं सुरू करू, कारण भर ट्रोलिंगमध्ये माणसं इकडून तिकडे गेली की दोऱ्यांचा गुंता होतो. निघायच्या आधी थोडं समजावून पण सांगू. ज्यांना स्वतःचे लूर आणायचेत त्यांनी आणा, फक्त तांडेलाला आधी दाखवा.

साहेब, तुमचा एक स्पून बोटीत राहिलाय, हिरव्या पट्ट्यांचा. बुकिंगच्या नंबरवर पत्ता पाठवा, कुरिअर करतो.