दीड किलोच्या पाहुण्याची पंगत

सकाळचे सात. पडवीत पाण्याने भरलेलं ताट, ताटात वाटी, वाटीत कुत्र्याच्या खाद्याचे भिजवलेले दाणे आणि भोवती घरातली पाच माणसं उकिडवी बसलेली. पाहुण्याचं नाव ब्रूनो, जात पॉमेरेनियन (छोटा, केसाळ कुत्रा), वय तीन महिने, वजन दीड किलो. तो वाटी हुंगतो, एक पाय मागे घेतो आणि कांदेपोह्यांची बशी न उष्टावता परत करणाऱ्या वरपित्यासारखा माडाकडे बघू लागतो.

माझं स्पष्ट मत आहे की पिल्लू जेवत नाही यात खोड पिल्लाची कमी आणि उकिडव्या बसलेल्या पाच जणांची जास्त असते. पिल्लाने तोंड फिरवलं की दाण्यांवर दही येतं, पुन्हा फिरवलं की अंडं, तिसऱ्यांदा चिकन. तीन महिन्यांचं जनावर असलं तरी एवढा हिशोब त्याला जमतो. थांबलं की ताट सुधारतं, हे चार दिवसांत त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

आपला हिशोब मात्र कच्चा असतो. या वयाच्या दीड किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण २८५ कॅलरी लागतात. पिल्लांच्या बऱ्याचशा कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला ३८०च्या आसपास कॅलरी असतात (पिशवीवर छापलेलं असतं, चष्मा लावून वाचावं). म्हणजे दिवसाचे ७५ ग्रॅम, चार वेळांत विभागले तर एका वेळेला १९ ग्रॅम. आमटीच्या छोट्या वाटीचा जेमतेम तिसरा भाग! आपण वाटी शिगोशीग भरतो, ते आपल्या मापाने तिसरा भाग खाऊन उठतं आणि घरात सुतक पसरतं.

त्यात चहाची वेळ येते. एका ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ कॅलरी. आजी एक देते, काका एक देतात, शाळेतून आलेली नात गुपचूप एक देते. तीन बिस्किटांत दिवसाच्या खाण्याचा चौथा हिस्सा संपला. वरचं खाणं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे ब्रूनोच्या वाट्याला दिवसाला फार तर एक बिस्कीट, तेही द्यायलाच हवं असं नाही.

खायला घालायची रीत सोपी आहे, पाळणं कठीण. १९ ग्रॅम दाणे तेवढ्याच कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवायचे. दूध नको, बऱ्याच पिल्लांना गाईच्या दुधाने जुलाब होतात. पाणी तान्ह्या बाळाच्या दुधासारखं मनगटावर थेंब टाकून बघायचं. ऊब हवी ती वासासाठी. कुत्र्याची जीभ चवीला आपल्यापेक्षा मठ्ठ, जेवायचं की नाही हे त्याचं नाक ठरवतं आणि गार अन्नाला वास सुटत नाही. तरीही नाक मुरडलं तर कोंबडीचं अळणी पाणी एक चमचा घालून बोटांनी नीट कालवायचं. नुसतं वर ओतलं तर पिल्लू वरचं चाटून खालचं तसंच ठेवतं. मग वाटी ठेवायची आणि निघून जायचं. पंधरा-वीस मिनिटांनी, काही न बोलता, वाटी उचलायची.

या ‘काही न बोलता’पाशी कोकणात घोडं अडतं. आतून आवाज येतोच, “मेल्या, पोर उपाशी रवला ता! तेका जरा बांगड्याचो रस घाल, मगे बघ कसो खाता तो.” खाईल यात शंकाच नाही. पण त्या रसात कांदा आणि लसूण असतो, आणि दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. सुकटीत मीठ, शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, आंब्याची कोय आतड्यात अडकते. आजींचं मन मोडवत नसेल तर बांगडा मीठ-मसाल्याशिवाय उकडून, काटे बोटांनी चाचपून काढून, चहाचा एक चमचाभर कालवावा. पेज-भात आणि चिकनवरच वाढवू म्हणणाऱ्यांनी मात्र जपावं, त्यात कॅल्शियम फारच कमी पडतं आणि वाढत्या हाडांना त्याचा फटका बसतो.

आता दुसरं टोक. “भूक लागली की खाईल झक मारून” हे लॅब्राडॉरच्या धट्ट्याकट्ट्या पोराला चालतं. दीड किलोच्या जिवाला नाही. त्याच्या यकृतात साखरेचा साठा चिमूटभर, काही तास पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर उतरते. पिल्लू मलूल होतं, पाय लटपटतात, अंग थरथरतं, कधी फिटचा झटकाही येतो. अशा वेळी मध किंवा साखरेचं दाट पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं, घशात ओतायचं नाही, आणि तडक पशुवैद्य गाठायचा. म्हणून हट्ट एका जेवणापुरताच. लागोपाठ दुसरी वाटी तशीच राहिली तर डॉक्टरांना फोन. उलटी किंवा जुलाब सोबत असतील तर दुसऱ्या वाटीचीही वाट बघू नये, तो पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असू शकतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करावं. काटा वर सरकतोय तोवर पाहुणा बहुधा नाटकी आहे, आजारी नाही.

काही वेळा दोष हवेचा असतो. मे महिन्यात दुपारी बारा वाजता देवगडात माणसाला जेवण जात नाही, तिथे अंगभर लोकर घातलेल्या पॉमेरेनियनने का जेवावं? पहिली वाटी सहाला, संध्याकाळची ऊन उतरल्यावर. पावसाळ्यात दाण्यांची आणि पापडांची गत एकच. सादळतात, त्यांतली चरबी खवट होते आणि हे आपल्याआधी पिल्लाला कळतं. तीन किलोची स्वस्त पडणारी पिशवी ब्रूनोला चाळीस दिवस पुरते, आषाढात तेवढे दिवस ती टिकली तर नशीब. एक किलोचीच आणावी, दाणे पिशवीतच ठेवून पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. वाटीखालच्या ताटातलं पाणी मुंग्यांसाठी, हे कोकणात सांगायला नको.

चौथ्या महिन्यानंतर दुधाचे २८ दात पडून ४२ नवे येऊ लागतात, हिरड्या ठणकतात, तेव्हा दाणे जरा जास्त भिजवावेत. नव्या कंपनीचे दाणे आणले तर जुन्यात पाव हिस्सा मिसळून सुरुवात करावी आणि आठवडा-दहा दिवसांनी पूर्ण बदलावेत.

हे सगळं करूनही वाटी तशीच राहते आणि तेवढ्यात शेजारची मांजर गडग्यावरून उतरून पायरीवर बसते. नुसती बसते. ब्रूनो तिच्याकडे बघतो, वाटीकडे बघतो आणि दीड मिनिटात १९ ग्रॅम साफ! दुसऱ्या दिवसापासून मांजरीला रोज सातला आवतण द्यावं लागतं. ती बरोबर वेळेवर येते, पण दाण्यांना तोंड लावत नाही. तिला बांगडा लागतो.