पहिली भाकरी कच्चीच निघते!

सर, तुमचं म्हणणं असं की उन्हाळ्यातली उष्णता जमिनीखाली साठवली तरी हिवाळ्यापर्यंत ती आजूबाजूच्या खडकात जिरून जाणार, आणि कॅनडातलं ड्रेक लँडिंग (उन्हाळ्यातली सूर्याची उष्णता जमिनीत साठवून हिवाळ्यात घरं तापवणारी वसाहत) बंद पडलं म्हणजे ही सगळी सबसिडीची नाटकं. अर्धं मान्य. मी लेखात 'उष्णता तशीच राहते' असं ठोकून दिलं ती माझी चूकच.

जिरते, नक्की जिरते, पण किती ते साइजवर आहे. बशीतला चहा दोन मिनिटांत कोमट होतो आणि लग्नघरातल्या मोठ्या टोपातला अर्ध्या तासानेही जीभ भाजतो, कारण उष्णता मावते आकारमानात आणि निसटते पृष्ठभागातून. फिनलंडची राजधानी हेलसिंकीत मुस्तिक्कमा बेटाखाली तेल साठवायच्या जुन्या गुहा होत्या, त्यात आता उष्णता साठवायला २ लाख ६० हजार घनमीटर पाणी आहे. घनमीटरभर पाणी एक डिग्रीने तापवायला १.१६ युनिट, ४० डिग्रीचा फरक धरा, झाले १ कोटी २० लाख युनिट. पण हा साठा काही दिवस पुरणारा. सीझनभराचा साठा मी राहतो त्या वांतामध्ये, म्हणजे हेलसिंकीशेजारच्या शहरात, खोदतायत, ११ लाख घनमीटर, दाबाखाली १४० डिग्रीपर्यंत पाणी, ९ कोटी युनिट. काम चालू आहे, तेव्हा तो सिद्ध झालाय असं मी म्हणत नाही.

ड्रेक लँडिंग त्यामानाने बशीच! ५२ घरं, उष्णता जमिनीत सोडायला १४४ बोअर, ३५ मीटर खोल. २००७ ला सुरू झालं तेव्हा सुरुवातीची उष्णता माती तापवण्यातच गेली (तवा तापेपर्यंत पहिली भाकरी कच्ची निघते तसं), पण २०१५-१६ च्या हिवाळ्यात घरं तापवायला लागणारी सगळी उष्णता सूर्याचीच होती. २०२४ मध्ये गाडी थांबली ती यंत्रं जुनी झाली, पार्ट मिळेनात म्हणून, उष्णता गळाली म्हणून नव्हे.

आणि गळतीचा हिशोब करताना माल कुठून येतो तेही बघा ना. इथला कचरा जाळायचा प्लांट जुलैतही चालतो, कचरा काय सुट्टीवर जात नाही, पण तेव्हा माझा घर तापवायचा रेडिएटर गार असतो, त्यावर मोजेसुद्धा वाळत नाहीत. ती उष्णता नाहीतरी वायाच जायची, ती साठवली आणि त्यातली थोडी खडकाने खाल्ली तर खाल्ली. खोदाईचा खर्च कधी वसूल होणार हे विचारलं असतंत तर मात्र मला घाम फुटला असता.

पुण्यात याचा काय उपयोग म्हणाल तर काही नाही, तिथे घर तापवायचंय कुणाला! ते 'तशीच राहते' वालं वाक्य आज बदलतो.