‘एक जुना श्रोता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

‘घोस्ट वर्ल्ड’ या २००१ सालच्या अमेरिकन चित्रपटाच्या गाण्यांच्या अल्बमवर मी लिहिलेल्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया तीन वेळा वाचली. त्या अल्बममध्ये रफींचे ‘जान पहचान हो’ आहे; ते गाणे ज्या हिंदी चित्रपटातले, त्या ‘गुमनाम’चे साल मी १९६४ लिहिले होते, ते १९६५ हवे. ही चूक आपण दाखवलीत, मी ती दुरुस्त केली आहे आणि त्याबद्दल आपला आभारी आहे. मात्र लगेच पुढच्या ओळीत आपण जे लिहिले आहे त्याने मन खट्टू झाले, हे लपवत नाही. आपले वाक्य असे : “गोऱ्यांनी शिक्का मारल्याशिवाय आपले गाणे तुमच्यासारख्यांना ऐकू येत नाही.”

मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘तुमच्यासारख्यांना’ या शब्दाला. आपली माझी ओळख नाही, भेट नाही, आणि तरी एका लेखावरून आपण मला कोणत्या तरी रांगेत नेऊन उभे केलेत. मी ठाकूरद्वारच्या एका चाळीत, दोन खोल्यांत वाढलो. वडिलांकडे चावीचा ग्रामोफोन होता. रविवारी सकाळी तो कपाटावरून खाली उतरला की मखमलीच्या तुकड्याने तबकडी पुसण्याचे काम माझ्याकडे असे. प्रत्येक बाजूनंतर सुई बदलायची आणि वापरलेली सुई चुकूनही नव्या सुयांच्या डबीत टाकायची नाही, हा घरातला दंडक होता. तो एकदा मोडला म्हणून मी मार खाल्ला आहे. ‘जान पहचान हो’ मी पहिल्यांदा ऐकले ते शेजारच्या बिऱ्हाडातल्या रेडिओवर, मधल्या फळ्यांच्या भिंतीला कान लावून. शंकर-जयकिशन यांच्या त्या गाण्यातली गिटार सुरू झाली की हातातले पुस्तक खाली पडत असे. तिकडच्या दिग्दर्शकाने ते गाणे आपल्या चित्रपटात घेण्याच्या तीसएक वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा शिक्का मारायला कोण आले होते?

आता शिक्क्याविषयी, कारण तो आरोप केवळ माझ्यावर नाही, त्या अल्बमवरही आहे. दिग्दर्शक टेरी झ्वायगॉफ स्वतः मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या जमवणारे गृहस्थ आहेत. अल्बमची सुरुवात रफींच्या गाण्याने होते आणि थोड्याच वेळात ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे गाणे, गाणाऱ्या स्किप जेम्स यांचे ‘डेव्हिल गॉट माय वुमन’ येते. हे गाणे १९३१ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन या गावी पॅरामाउंटसाठी ध्वनिमुद्रित झाले. (ही चित्रपटवाली पॅरामाउंट नव्हे, खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याने काढलेली ही रेकॉर्ड कंपनी.) मंदीच्या त्या दिवसांत त्या तबकड्या फारशा खपल्या नाहीत, गायक विस्मृतीत गेला, आणि १९६४ मध्ये जुन्या ब्लूजच्या शोधात निघालेल्या काही तरुणांना तो मिसिसिपीतल्या एका रुग्णालयात सापडला. ज्याला त्याच्याच देशाने तेहतीस वर्षे विचारले नाही, त्याच्या शेजारी त्याच पंक्तीत रफींचा पाट मांडला आहे. यात कोणी कोणाला मान्यता बहाल केल्याचे मला तरी दिसत नाही. चित्रपटातली एनिड ही मुलगी स्किप जेम्स यांचे गाणे रात्री एकटीच पुन्हा पुन्हा लावते, संपले की सुई उचलून परत सुरुवातीला ठेवते. गाण्याच्या इतक्या जवळ गेलेल्या माणसाला रंग आणि देश विचारायचा नसतो, असे मी लेखात लिहिले होते, आणि आजही माझे तेच म्हणणे आहे.

‘गुमनाम’चे दिग्दर्शक राजा नवाथे हे मराठी नाव मीच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात घेतले होते. आपल्या गाण्याची लाज वाटणारा माणूस ते घेतो काय? आपण तिथपर्यंत वाचलेत की नाही, याची मला शंका आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. ‘जान पहचान हो’वरच्या लक्ष्मी छाया यांच्या नृत्याचा उल्लेख नाही, असे आपण म्हणता. लेख ऐकण्याच्या अल्बमविषयी होता, पाहण्याच्या गाण्याविषयी नव्हता. अल्बममध्ये एकसूत्रता नाही आणि मध्येच ब्लूजहॅमर या चित्रपटातल्या बँडचा तो गोंगाट कशाला, याचे उत्तर चित्रपट पाहिला की आपोआप मिळते. जुन्या गाण्यांतल्या खरखरीच्या तक्रारीबद्दल एवढेच सांगतो की, पॅरामाउंटचे धातूचे मूळ साचे बहुतांशी नाहीसे झाले आणि ती गाणी आज ऐकू येतात ती संग्राहकांकडे उरलेल्या, झिजलेल्या तबकड्यांवरून. जुन्या श्रोत्याला हे मी सांगावे लागू नये.

वडिलांची सुयांची ती पत्र्याची डबी अजून माझ्याकडे आहे. नव्या सुया संपत आल्या की चोर बाजारात मटण स्ट्रीटवर शोधत फिरतो, मिळतात तेव्हा मिळतात. आपण मुंबईतलेच असाल तर एखाद्या रविवारी जरूर घरी या, रफी आणि स्किप जेम्स दोघांनाही ऐकू. त्याआधी ‘तुमच्यासारख्यांना’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा, एवढी अपेक्षा आहे.