तोंडाच्या वासाचं खापर पोटावर फोडू नका

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: तोंडाला वास येतो म्हणजे पोट साफ नाही, रात्री त्रिफळा घ्या, सकाळी लिंबू-सोड्याने दात चोळा, डॉक्टरकडे मशिनने दात साफ करून घेऊ नका, त्याने दात हलायला लागतात, आपल्या आज्या मिशरी लावायच्या, त्यांचे दात शेवटपर्यंत टिकले. मी दातांची डॉक्टर आहे. पदर तोंडाशी धरून बोलणाऱ्या बायका रोज बघते. त्यातल्या कितीतरी जणी आधी वर्षानुवर्षं चूर्णं घेऊन थकलेल्या असतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पोटाचं. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. घास गिळताना, ढेकर येताना तेवढी उघडते. त्यामुळे पोटातला वास दिवसभर तोंडावाटे येत राहत नाही. कायम दुर्गंधी असलेल्या दहातल्या आठ-नऊ जणांचं कारण तोंडातच सापडतं: जिभेवरचा थर, हिरड्यांचा आजार, किडलेली दाढ, कॅपखाली किंवा ब्रिजखाली अडकून कुजलेलं अन्न. अशा सांदीकोपऱ्यात हवेशिवाय वाढणारे जंतू प्रथिनं कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे गंधकाचे वायू सोडतात. घरी पडताळून बघा. चमचा पालथा धरून जिभेच्या अगदी मागच्या भागावरून हलकेच पुढे ओढा, अर्धा मिनिट थांबा आणि हुंगा. चमच्यावर आलेला तो पिवळट चिकटा म्हणजेच बऱ्याच जणांच्या त्रासाचं मूळ. उमासे येतात म्हणून आपण जीभ पुढेपुढेच घासतो आणि थर असतो मागे. जीभ पूर्ण बाहेर काढून क्षणभर श्वास रोखला, तर घासणी मागपर्यंत नेता येते. त्रिफळ्याने बद्धकोष्ठता कमी होईलही, पण हा थर जागचा हलणार नाही.

लिंबाचं तर अजिबात ऐकू नका. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ ते ३ असतो आणि साधारण ५.५ च्या खाली एनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, विरघळायला लागतं. सोडा त्यातलं किती आम्ल मारेल याचा भरवसा नाही, आणि मऊ पडलेलं एनॅमल वरून चोळलं की झिजतं. गेलेलं एनॅमल परत येत नाही.

मशिनने दात हलतात, ही मात्र या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून बघा. खरखरीत, दगडासारखं लागतं ते किटण. स्केलरचं, म्हणजे दात साफ करायच्या मशिनचं, टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं, पाण्याच्या फवाऱ्यात ते किटण फुटून निघतं. हिरडीखाली साठलेल्या किटणामुळे वर्षानुवर्षं सूज राहिली की दाताभोवतीचं हाड झिजतं. आतून पोखरलेली भिंत नुसत्या प्लास्टरवर उभी असावी, तसे हे दात किटणाच्या आधारावर उभे असतात. किटण निघालं, सूज उतरली, की फटी दिसतात, दात हलतो. हाड तर आधीच गेलेलं असतं! थंड पाणी काही दिवस झोंबतं, तेही हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडल्यामुळे.

हिरडी आणि दात यांच्यातली खाच आम्ही खुणा असलेल्या बारीक सळीने मोजतो. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ५-६ मिलिमीटरच्या खिशात ब्रश पोचतच नाही, आणि उग्र वास तिथूनच येतो. तिथे भूल देऊन मुळापर्यंत सफाई करावी लागते, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजावं लागतं, एवढ्याने भागलं नाही तर हिरडी उघडून साफ करावी लागते. चूर्णात घालवलेल्या वर्षांत हा खिसा खोल होत जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या खाली सरकतात, तोंडाचा कर्करोग होतो, आणि सवय लागली की सुटता सुटत नाही. ज्या आज्यांचे दात गेले, त्यांची आठवण या मेसेजमध्ये कुणी काढलेली नाही.

तोंडाबाहेरची कारणं असतात, हे खरं. लसणाचा वास रक्तातून फुप्फुसात येतो, म्हणून ब्रश करूनही जात नाही. टॉन्सिलमधले खडे, सायनस, काहींच्या बाबतीत ॲसिड वर येणं, ताब्यात नसलेला मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, यांतही वास येतो. पण ही शोधाशोध दात-हिरड्या-जीभ तपासून झाल्यावर. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे माफक दरात सफाई होते. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरच्या काही गोळ्यांनी लाळ आटते आणि वास वाढतो. गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारून ती बदलता येते का ते बघा.